वाचक विचारतात : लेसरचा सूर आणि काचेचे रीळ

गेल्या अंकात प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळांविषयी लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की लेसरची वारंवारता तपासण्यासाठी आणि ती जागेवर धरून ठेवण्यासाठी काही प्रयोगशाळा किलोमीटरभर लांबीच्या ऑप्टिकल फायबरचे रीळ वापरतात. या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या सगळ्या लेखावर आली नाहीत. त्यांतले सात प्रश्न येथे घेतले आहेत. पहिला आणि शेवटचा प्रश्न एकाच विद्यार्थ्याचा आहे. शेवटचा मुद्दाम मागे ठेवला, कारण मधली उत्तरे वाचल्यावर तो निम्मा सुटलेला असेल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात १५५० नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच रंगाचा प्रकाश देणारा अर्धवाहक) लेसर आहे. त्याची लाइनविड्थ मोजण्यासाठी सरांनी दहा किलोमीटर फायबरचे रीळ दिले आहे. पण प्रयोगशाळेत प्रकाशातले रंग अलग करून दाखवणारा ऑप्टिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर असताना हा खटाटोप कशासाठी?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी त्या अ‍ॅनालायझरच्या माहितीपुस्तिकेत तो किती बारीक फरक ओळखू शकतो ते पाहा. चांगल्या यंत्राचा हा आकडा ०.०२ नॅनोमीटरच्या घरात असतो. आकडा लहान दिसतो खरा, पण १५५० नॅनोमीटरपाशी ०.०२ नॅनोमीटर म्हणजे सुमारे अडीच गिगाहर्ट्झ होतात. डीएफबी लेसरचा सूर ज्या पट्ट्यात डोलत असतो त्या पट्ट्याची रुंदी, म्हणजेच लाइनविड्थ, साधारण एक मेगाहर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे जे मोजायचे ते मोजपट्टीवरच्या सर्वांत बारीक खुणेच्या अडीच हजाराव्या भागाएवढे आहे. धान्याच्या गोदामातल्या काट्यावर नथ तोलण्याचा हा प्रकार झाला. काटा हलणारच नाही, आणि हलला तर तो वाऱ्याने हलला असे समजावे.

प्रकाश सरळ फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाशाचा विद्युत् प्रवाह करणाऱ्या घटकावर, पाडून त्याची वारंवारता मोजावी, तर तेही शक्य नाही. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची कंपने सेकंदाला १९३ लाख कोटी होतात, आणि वेगवानातला वेगवान फोटोडायोडही याच्या जवळपास पोहोचत नाही. मात्र तंबोरा जुळवताना कानाला जे सहज जमते ते फोटोडायोडलाही जमते. जोडीच्या दोन तारा सुरात अगदी जवळ आल्या, पण मिळाल्या नाहीत, की आवाज सावकाश फुगतो आणि ओसरतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. दोन्ही तारांची कंपने मोजण्याची गरज नसते. फुगण्या-ओसरण्याची गती म्हणजेच दोन सुरांतला फरक. दोन लेसरचा प्रकाश एकाच फोटोडायोडवर पाडला तर त्यांच्या वारंवारतांतला फरक अशाच विद्युत् विस्पंदाच्या रूपात मिळतो, आणि तो साध्या रेडिओ वारंवारतेच्या यंत्रांनी मोजता येतो.

अडचण एवढीच, की तुमचा लेसर तपासायला त्याच्याहून स्थिर असा दुसरा लेसर हवा, आणि तो असता तर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. टोकियो विद्यापीठातील ताकानोरी ओकोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो आजही जगभर वापरला जातो. दुसरा लेसर नाही ना, मग त्याच लेसरची थोड्या वेळापूर्वीच्या त्याच लेसरशी तुलना करायची. काचेच्या फायबरमधून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ४.९ मायक्रोसेकंद लागतात. तुमच्या रिळातून बाहेर येणारा प्रकाश म्हणजे ४९ मायक्रोसेकंदांपूर्वीचा तुमचाच लेसर.

मांडणी अशी करा. लेसरपुढे प्रकाश मागे फिरू न देणारा आयसोलेटर, त्यानंतर प्रकाशाचे दोन भाग करणारा कपलर. एक भाग रिळात जाऊ द्या. दुसरा भाग ध्वनि-प्रकाश मॉड्युलेटरमधून न्या. हा स्फटिक आपल्यातून जाणाऱ्या ध्वनिलहरींमुळे प्रकाशाची वारंवारता ठरावीक आकड्याने, समजा ८० मेगाहर्ट्झने, सरकवतो. मग दोन्ही भाग दुसऱ्या कपलरमध्ये एकत्र करून फोटोडायोडवर पाडा. इलेक्ट्रिकल स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर ८० मेगाहर्ट्झपाशी एक उंचवटा दिसेल. हे सरकवणे टाळले तर उंचवटा शून्यावर बसतो, त्याची डावी बाजू उजवीवर दुमडली जाते, आणि नेमकी तीच जागा विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीने आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या खरखरीने भरलेली असते.

उंचवट्याच्या निम्म्या उंचीवरची रुंदी मोजा आणि तिचे निम्मे करा. निम्मे अशासाठी, की आजचा लेसर आणि ४९ मायक्रोसेकंदांपूर्वीचा लेसर असे दोघेही आपापल्या परीने डोलत असतात आणि त्यांच्या रुंदींची बेरीज पडद्यावर दिसते. हा हिशोब उंचवट्याचा आकार लॉरेन्ट्झियन, म्हणजे टोकदार आणि लांब पसरट पायथ्याचा, असेल तरच बरोबर. तो गॉसियनकडे, म्हणजे घंटेच्या आकाराकडे, झुकत असेल तर दोनाऐवजी दोनाच्या वर्गमुळाने भागावे लागते.

आता रिळाच्या लांबीचे. निम्मे करण्याचा नियम लागू व्हायचा असेल तर रिळातून बाहेर येईपर्यंत लेसरला आपली आधीची चाल पूर्ण विसरायला वेळ मिळाला पाहिजे. एक मेगाहर्ट्झ रुंदीच्या लेसरची ही ‘आठवण’ ०.३ मायक्रोसेकंद टिकते, म्हणजे फायबरमधले जेमतेम ६५ मीटर. तुमच्यासाठी दहा किलोमीटर पुरून उरतात. पण उद्या कोणी एक किलोहर्ट्झचा फायबर लेसर आणून दिला, तर त्याची आठवण ६५ किलोमीटरपर्यंत पुरते. मग तेच रीळ अपुरे पडेल, आणि पडद्यावर उंचवट्याऐवजी मधोमध एक सुळका आणि दोन्ही बाजूंना सुमारे वीस-वीस किलोहर्ट्झच्या अंतराने लाटा दिसतील. त्या लाटा म्हणजे बिघाड नव्हे. लेसर रिळापेक्षा सरस आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी निम्म्या उंचीची रुंदी मोजत बसू नये.

एक गोष्ट अहवालात जरूर लिहा, ती म्हणजे रिळाची लांबी. लेसरची वारंवारता भरभर थरथरते तशी ती सावकाश वाहवतही जाते, आणि रीळ जितके लांब तितके हे वाहवणे मापात अधिक शिरते. एकाच लेसरची दोन रिळांवर दोन वेगळी उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून नुसता ‘लाइनविड्थ अमुक किलोहर्ट्झ’ असा आकडा सांगणाऱ्या जाहिराती मी फारशा मनावर घेत नाही. एस.टी.चा सरासरी वेग सांगितला म्हणजे ती घाटात किती वेळा थांबली हे झाकून जाते; कोणत्या गतीच्या थरथरीत किती गोंगाट आहे याचा पूर्ण आलेख मागावा.

प्रश्न : अरुंद लाइनविड्थचा लेसर आणि स्थिर लेसर या दोन्हींचा अर्थ एकच का?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : नाही. एखादा लेसर एका मिलिसेकंदात जवळजवळ न हलणारा, पण दुपारी खोली तापली की दूर भटकणारा असू शकतो. उलट वायूच्या रेणूंना बांधलेला, म्हणजे त्यांच्या ठरावीक वारंवारतेवर धरून ठेवलेला, एखादा लेसर क्षणोक्षणी थरथरतो, पण महिन्याभरानेही त्याची सरासरी जागेवरच सापडते. म्हणून ‘किती स्थिर’ या प्रश्नाला ‘किती वेळात’ हे शेपूट जोडावेच लागते. वेळेनुसार स्थैर्य कसे बदलते हे दाखवणारी जी राशी आज सगळे वापरतात, ती डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६मध्ये मांडली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फायबरचे रीळ पहिल्या प्रकारच्या कामात वाकबगार आणि दुसऱ्यात कच्चे आहे.

प्रश्न : मापन समजले. पण फायबरमुळे लेसर सुधारतो कसा? फायबर तर लेसरच्या बाहेर असते.
— फोटॉनिक्स क्षेत्रात काम करणारी वाचक, पुणे

उत्तर : बाहेरच असते, आणि बाहेर असते म्हणूनच उपयोगी पडते. वर सांगितलेल्या मांडणीत लेसरला आधीची चाल विसरू द्यायची होती. सुधारणा करताना नेमके उलटे हवे असते : रीळ इतके आखूड, किंवा लेसर मुळात इतका बरा, की बाहेर येणाऱ्या प्रकाशाला आपली आधीची चाल अजून आठवत असावी. मग दोन प्रकाशांच्या तरंगांची कला, जिला प्रयोगशाळेत सगळे फेजच म्हणतात, एकमेकींशी बांधलेली राहते, आणि त्यांच्यातला फरक लेसरच्या वारंवारतेबरोबर सरळ प्रमाणात बदलतो. वारंवारता सरकली की फेजमधला फरक सरकतो. त्याचे इलेक्ट्रॉनिक मंडळात विद्युत् दाबात रूपांतर होते, आणि तो दाब लेसरकडे परत पाठवून वारंवारता उलट दिशेने ढकलली जाते. लेसरला त्याचीच चूक काही मायक्रोसेकंदांनी दाखवायची आणि दुरुस्त करायला लावायची, एवढेच हे काम आहे.

आकड्यांत पाहू. एक किलोमीटर फायबर घेतले आणि टोकाला आरसा लावून प्रकाश परत फिरवला, तर दोन किलोमीटरचा प्रवास आणि सुमारे ९.८ मायक्रोसेकंदांचा उशीर मिळतो. लेसर एका हर्ट्झने सरकला, म्हणजे १९३ लाख कोटींत एकाने, तर फेज एका अंशाच्या सुमारे साडेतीन हजारांशांनी सरकते. हे अगदी नगण्य वाटेल, पण रेडिओ वारंवारतेच्या इलेक्ट्रॉनिक मंडळांना हे दिसते. सबंध प्रक्रियेतला मला सर्वांत नवलाचा वाटणारा भाग हाच आहे.

पॅरिस वेधशाळेच्या सिर्त या प्रयोगशाळेत फाबियां केफेलियां, जॉर्जो सांतारेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये नेमके हे करून दाखवले. दूरसंचाराच्या जाळ्यात वापरतात तसलेच साधे, एक किलोमीटर लांबीचे फायबर. मायकेल्सन पद्धतीची मांडणी, एक भुजा आखूड आणि दुसरी रिळाची. आणि तोच ध्वनि-प्रकाश मॉड्युलेटर. एर्बियममिश्रित फायबर लेसरचा गोंगाट १ हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंतच्या थरथरीत ४० डेसिबलहून अधिक, म्हणजे शक्तीच्या मापाने दहा हजार पटींहून अधिक, खाली आला. ४० हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यात तर निकाल उत्तम आरशांच्या पोकळीला बांधलेल्या लेसरच्या तोडीचा होता.

ही आरशांची पोकळी म्हणजे फायबरची खरी स्पर्धक. पाउंड, ड्रेव्हर आणि हॉल या तिघांच्या नावाने ओळखली जाणारी तिची पद्धत ड्रेव्हर, हॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केली. निर्वात पेटीत दोन अतिशय उत्तम आरसे समोरासमोर बसवतात आणि त्यांच्यामधल्या अंतरात जी तरंगलांबी नेमकी मावते तिला लेसर बांधतात. ती अचूक आहे, पण महाग आहे, आणि प्रकाशकिरण तिच्या नेमक्या मध्यावर आणून बसवणे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. फायबरमध्ये जुळवाजुळवीचा प्रश्नच नाही; कनेक्टर लावला की झाले. शिवाय दहा सेंटिमीटरच्या पोकळीत लेसर बांधण्याच्या जागा दीड-दीड गिगाहर्ट्झच्या अंतराने येतात, तर किलोमीटरभर फायबरमध्ये त्या सुमारे शंभर किलोहर्ट्झवर सापडतात, त्यामुळे हव्या त्या वारंवारतेवर लेसर धरता येतो.

मग फायबर जितके लांब तितके चांगले असे का नाही? लांबीबरोबर संवेदनशीलता वाढते खरी, पण निरोपही तितकाच उशिरा येतो. ज्या थरथरीचा एक हेलकावा नेमका उशिराएवढ्या वेळात पुरा होतो, ती रिळाला दिसतच नाही, कारण आताचा आणि आधीचा प्रकाश दोघेही सारखेच सरकलेले असतात. ९.८ मायक्रोसेकंदांच्या उशिरासाठी ही आंधळी जागा सुमारे १०२ किलोहर्ट्झवर येते, आणि दुरुस्तीचा वेग तिच्या बराच अलीकडे आवरावा लागतो. याशिवाय परतीच्या वाटेवर प्रकाशाचे ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, बदलून विस्पंद क्षीण होऊ नये म्हणून टोकाला साधा आरसा न लावता फॅरडे आरसा लावतात. फायबरने वाटेत ध्रुवीकरणाचा कितीही पीळ घातला तरी येताना तो उलगडला जातो.

लेसर बांधला जातो तो क्षण पाहण्यासारखा असतो. ऑसिलोस्कोपवर चूक दाखवणारा संकेत वेड्यासारखा वर-खाली धावत असतो. दुरुस्तीचा जोर ठरवणारे गेनचे बटण हळूहळू फिरवत गेले की एका ठिकाणी तो अचानक सपाट रेघ होऊन बसतो. मग बाहेर कोणीतरी दार आपटतो आणि रेघ उधळते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे तापमान ४५ अंशांवर जाते. तापल्यावर काच प्रसरण पावते, मग फायबरची लांबीच बदलणार. जी मोजपट्टी स्वतः ताणली जाते तिला लेसर बांधून काय मिळवले?
— भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, चंद्रपूर

उत्तर : आपण नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवले आहे. लेसरला रिळाशी बांधले की लेसरची वारंवारता रिळाच्या प्रकाशीय लांबीच्या उलट दिशेने, त्याच प्रमाणात हलते. त्या क्षणापासून लेसर म्हणजे रिळाची सावली. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची?

मात्र दोष प्रसरणाचा नाही, किंवा फारच थोडा आहे. शुद्ध सिलिका काच एका अंशाला दशलक्षात जेमतेम अर्ध्या भागाने लांबते. खरा गुन्हेगार अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती मंद करते तो आकडा, आहे : तापमानाबरोबर तो बदलतो, आणि प्रकाशाला लागणारा वेळ एका अंशाला दशलक्षात सात-आठ भागांनी वाढतो. लेसरच्या भाषेत याचा अर्थ, रीळ एका अंशाने तापले तर वारंवारता सुमारे दीड गिगाहर्ट्झ सरकते, आणि एका अंशाच्या हजाराव्या भागाने तापले तरी दीड मेगाहर्ट्झ. म्हणजे जो लेसर आपण हर्ट्झच्या आत धरल्याचा अभिमान बाळगतो, तो खोलीत कोणी माणूस येऊन उभा राहिला की मेगाहर्ट्झनी वाहवू शकतो.

यावर तीन उपाय करतात. पहिला, रीळ धातूच्या एकात एक अशा पेट्यांत ठेवून, शक्य असेल तर हवा काढून, बाहेरच्या तापमानाचा बदल आतपर्यंत पोहोचायला तासन्‌तास लागतील अशी व्यवस्था करणे. बदल थांबत नाही, पण इतका मंद होतो की मिलिसेकंदांच्या कामात त्याची लुडबुड होत नाही. दुसरा उपाय कंपनांवरचा. रीळ म्हणजे काचेचा मायक्रोफोनच आहे. शेजारी टाळी वाजवली तर पडद्यावर ती ‘दिसते’. हलल्यावर एका बाजूचे वेढे जितके ताणले जातील तितके दुसऱ्या बाजूचे सैल पडावेत, असे रीळ घडवणे आणि नेमक्या जागी टेकवणे, यावर बरेच काम झाले आहे. तिसरा उपाय म्हणजे दीर्घकाळाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवणे. अ‍ॅसिटिलीन वायूचे रेणू १५४२ नॅनोमीटरच्या आसपास ठरावीक वारंवारतांचा प्रकाश शोषतात, आणि चंद्रपूर असो की श्रीनगर, त्या वारंवारता बदलत नाहीत. रिळाला बांधलेल्या लेसरला अशा रेणूकडे सावकाश ओढत ठेवले की क्षणांचा हिशोब रीळ पाहते आणि दिवसांचा हिशोब वायू.

तरीही एक मर्यादा उरते, आणि ती पेटीने जात नाही. तापमान अगदी स्थिर ठेवले तरी काचेच्या कणाकणातली उष्णता आपसूक कमी-जास्त होत असते, आणि त्यामुळे प्रकाशाच्या फेजमध्ये गोंगाट येतोच, के. एच. वॉन्सर यांनी १९९२मध्ये फायबरमधल्या या मूलभूत मर्यादेचे सूत्र मांडले. येथे आरशांच्या पोकळ्या पुढे निघून गेल्या आहेत. त्यांच्यासाठी वापरली जाणारी विशेष काच खोलीच्या तापमानाजवळच्या एका ठरावीक तापमानाला प्रसरण पावतच नाही, आणि सिलिकॉनचा स्फटिक उणे १४९ अंश सेल्सियसला तसाच वागतो. जर्मनीची राष्ट्रीय मापनसंस्था पीटीबी आणि अमेरिकेतील ‘जिला’ (JILA) या संस्थांनी २०१७मध्ये अशा थंड सिलिकॉन पोकळ्यांनी लेसरची लाइनविड्थ एका हर्ट्झच्या शंभराव्या भागाच्याही खाली नेली. साध्या रिळाकडून ती अपेक्षा करू नये.

काचच त्रास देते, तर प्रकाश काचेतून नेऊच नये, असाही एक मार्ग आहे. पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये प्रकाश बहुतेक हवेतून जातो, अपवर्तनांकाचा त्रास जवळपास संपतो आणि तापमानाचा परिणाम पंधरा-वीस पटींनी घटतो. ब्रिटनमधील साउथॅम्प्टनच्या गटाने २०१५मध्ये हे मोजून दाखवले. माझा कौल विचाराल, तर रिळांचे भवितव्य त्या दिशेला आहे.

प्रश्न : दूरसंचार कंपन्यांनी हजारो किलोमीटर फायबर जमिनीत गाडलेले आहे. एका शहरातला स्थिर लेसर त्यातून दुसऱ्या शहरात तसाच पोहोचवता येईल का?
— सॉफ्टवेअर अभियंता, बेंगळुरू

उत्तर : तसाच पाठवला तर नाही. रस्त्यावरचे ट्रक, ऊन-पाऊस, रेल्वे या सगळ्यांची थरथर फायबरमार्फत प्रकाशात उतरते. पण येथे एक सुंदर युक्ती चालते. पलीकडे पोहोचलेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच फायबरमधून परत पाठवायचा. जाऊन-येऊन वाटेचा त्रास दुप्पट झालेला असतो. त्याचे निम्मे करून तेवढी उलट दुरुस्ती प्रकाश पाठवतानाच करून ठेवली, की पलीकडे तो स्वच्छ पोहोचतो. लाँग-शेंग मा, जुन ये, जॉन हॉल आदींनी १९९४मध्ये हे दाखवले. वाट दोन्ही दिशांनी सारखीच आहे, हे यातले गृहीत. दूरसंचाराचे नेहमीचे अ‍ॅम्प्लिफायर प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून वाटेत दोन्ही दिशांचे अ‍ॅम्प्लिफायर बसवावे लागतात.

२०१२मध्ये म्युनिकजवळच्या गार्शिंगहून ब्राउनश्वाइगपर्यंत ९२० किलोमीटरच्या फायबरमधून लेसरची वारंवारता पोहोचवली गेली, आणि वाटेमुळे आलेली अनिश्चितता एकावर एकोणीस शून्ये एवढ्या भागांत सुमारे चार भाग, इतकीच राहिली. हे अंतर तुमच्या गावाहून रस्त्याने पुण्याला येण्यापेक्षा थोडे जास्तच आहे. अर्थात येथेही उशीर पाठ सोडत नाही : ९२० किलोमीटर जायला साडेचार मिलिसेकंद लागतात, त्यामुळे साधारण ५० हर्ट्झपेक्षा जलद थरथर अशा दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर राहते. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅरिस आणि ब्राउनश्वाइग येथील स्ट्रॉन्शियमच्या अणूंवर चालणारी घड्याळे स्ट्रासबूर्गमार्गे १४१५ किलोमीटर फायबरने जोडून ताडून पाहण्यात आली.

आणि जी थरथर कोणाला नको होती, तीच कोणाला तरी हवी असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील ज्युसेप्पे मारा आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये जमिनीवरच्या आणि माल्टा ते सिसिली या समुद्राखालच्या फायबरमध्ये स्थिर लेसर सोडून दूरवरचे भूकंप टिपले. लेसर पुरेसा स्थिर असला की आलेली प्रत्येक थरथर फायबरची म्हणजे जमिनीची, असे म्हणता येते. रिळाने लेसर मोजायचा, की लेसरने फायबर, हे दोघांत कमी कोण हलतो यावर ठरते.

प्रश्न : औंढा नागनाथ येथे होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या प्रकल्पातही लेसर अशाच रिळाने स्थिर करणार का?
— वाचक, हिंगोली

उत्तर : मुख्य लेसर नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये मंजूर केलेल्या या प्रकल्पात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात भुजा असतील, आणि टोकांना टांगलेले आरसे असतील. अशा वेधशाळेत १०६४ नॅनोमीटरचा लेसर टप्प्याटप्प्याने स्थिर करतात : आधी लहानशा आरशांच्या पोकळीला, मग त्याहून मोठ्या पोकळीला, आणि शेवटी खुद्द त्या चार किलोमीटर भुजांना बांधून. निर्वातात टांगलेल्या आरशांमधल्या चार किलोमीटरपुढे काचेतून जाणाऱ्या चार किलोमीटरची मातब्बरी नाही. काचेचे तंतू मात्र तेथे वेगळ्याच कामाला असतात. अमेरिकेतल्या लायगोत चाळीस किलोचा प्रत्येक आरसा सिलिकाच्या चार तंतूंवर टांगलेला असतो, आणि त्यांची जाडी ०.४ मिलिमीटर असते.

प्रश्न : तुमचे उत्तर येईपर्यंत मी मांडणी करून पाहिली. विस्पंद दिसतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी नाहीसा होतो आणि मग आपोआप परत येतो. पंखा लावला तर तो आणखी चंचल होतो. रीळ खराब आहे का?
— अभियांत्रिकीचा तोच विद्यार्थी, सांगली

उत्तर : रीळ बहुधा ठणठणीत आहे. दोन प्रकाशांची ध्रुवीकरणे एकमेकांना काटकोनात आली की त्यांची वारंवारता कितीही जुळो, विस्पंद मिळत नाही. खोलीचे तापमान सरकले की फायबरमधले ध्रुवीकरण सावकाश फिरते आणि तुमचा उंचवटा बुडतो. आखूड भुजेत तीन पाकळ्यांचा ध्रुवीकरण नियंत्रक बसवा आणि उंचवटा सर्वांत उंच होईपर्यंत पाकळ्या एकेक करून फिरवा. पंख्याने चंचल होते याचा अर्थ कुठेतरी फायबरचा मोकळा वेढा हवेत लोंबतो आहे. तो टेबलाला टेपने चिकटवा. रीळ पॉवर सप्लायवर ठेवले असेल, आणि विद्यार्थी ते तेथेच ठेवतात, तर आधी खाली घ्या, थर्माकोलच्या खोक्यात घाला आणि तासभर हात लावू नका.

एवढ्यानेही उंचवट्याच्या पायथ्याशी गवत वाढलेले दिसले, तर लेसरची शक्ती कमी करून पाहा. दहा किलोमीटर फायबरमध्ये दहा मिलिवॅटच्या आसपास अरुंद रेषेचा प्रकाश सोडला, की काचेत उठणाऱ्या ध्वनिलहरींवरून त्यातला बराचसा मागे परावर्तित होऊ लागतो आणि तो सगळे माप नासवतो. दोन मिलिवॅट पुरेत. कनेक्टर लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी त्याचे टोक पुसा, आणि हिरव्या, तिरक्या टोकाच्या कनेक्टरला निळा, सरळ टोकाचा कनेक्टर जोडलेला नाही ना, हेही एकदा पाहून घ्या.